१९३२ च्या फोर्ड रोडस्टरसाठी दुमडणारा टप: सांगाडा, फर्मा, शिवण

१९३२ च्या फोर्ड रोडस्टरच्या दारांत वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत. पुढची काच दोन खांबांवर उभी असते आणि छप्पर म्हणजे कमानींवर ताणलेलं कापड. दक्षिण कॅलिफोर्नियात मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर या गाड्या पळवणाऱ्या तरुणांनी वजन आणि वाऱ्याचा अडसर कमी करायला टप, मडगार्ड आणि पुष्कळदा काचही उतरवून ठेवली. उतरवलेले टप परत चढले नाहीत. त्यामुळे आज जुनी बॉडी हाती येते तेव्हा तिच्यासोबत टपाचा सांगाडा क्वचितच असतो. ओहायोच्या ब्रुकव्हिल रोडस्टरसारख्या कारखान्याची नव्या पत्र्यातली बॉडी घेतली, तरी काचेचे खांब कापून बुटके केले की मूळ मापाचा टप तिच्यावर बसत नाही. हॉट रॉडचा, म्हणजे अशा कापून-बदलून वेगवान केलेल्या जुन्या गाडीचा, टप त्या एका गाडीसाठीच घडवावा लागतो.

टप कापडाचा दिसतो, पण तो घडतो सांगाड्यात. कोपऱ्यातल्या सुरकुत्या, मधोमध साचणारं पाणी, ओढूनही न लागणारी कडी, यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ कमानीत किंवा पिव्हटमध्ये (ज्या खिळीवर भुजा फिरते तिच्यात) असतं आणि कापड ओढून ती दूर होत नाही. म्हणून खाली सांगाड्यावर जास्त लिहिलं आहे. तुम्हीही वेळ त्याच प्रमाणात वाटा.

दुमडणारा की उचलून ठेवायचा?

हे आधी ठरवा. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कार्सन टॉप शॉपमध्ये ग्लेन हाउसर यांनी न दुमडणारा, आतून गादीसारखा भरलेला टप घडवला. त्याचा सांगाडा वेल्ड केलेला आणि पक्का, त्यावर तारेची जाळी, भरणी आणि वर कापड. दोघांनी उचलायचा आणि घरी ठेवून जायचं. त्याची रेषा अत्यंत देखणी असते आणि पिव्हटचं गणित मुळीच नसतं. पावसाची शक्यता कमी असलेल्या ठिकाणी नवख्याने तोच करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र वाटेत पाऊस आला तर तो टप घरी असतो. गाडी रोज वापरायची असेल तर दुमडणारा हवा, आणि पुढची सगळी पद्धत त्याचीच आहे.

आधी गाडी, मग टप

बॉडी चॅसिसवर कायमच्या बोल्टांनी आवळलेली हवी. दारांच्या फटी शिम (पातळ चकत्या) घालून सारख्या केलेल्या हव्यात आणि गाडी स्वतःच्या चाकांवर, इंजिन बसवून उभी हवी. बॉडी घोड्यावर (स्टँडवर) ठेवून बनवलेला टप चॅसिसवर बसत नाही, कारण बोल्ट आवळले की बॉडी काही मिलिमीटर पिळली जाते आणि तेवढी पीळ पुढच्या कडीपाशी लगेच दिसते.

सीट शेवटच्याच हव्यात. फोम बदलायचा असेल तर आत्ता बदला. खांब कापलेले, काच बसवलेली, खांबांचे बोल्ट आवळलेले. काच आणि डाव्या-उजव्या दाराच्या मागच्या कडा यांच्यातलं अंतर दोन्हीकडे मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तो खांबांच्या बुडाशी शिम घालून काढा. टप वाकडा करून गाडीशी जुळवायला गेलात तर दोन्ही वाकड्या दिसतात.

बाजूची रेषा

गाडीशेजारी ८ बाय ४ फुटी प्लायवूड उभं करा आणि बाजूचं चित्र खऱ्या मापात त्यावर उतरवा: काचेची वरची कड, दाराची मागची कड, बॉडीची वरची कड, सीटची पाठ. गाडी चालवणाऱ्याला सीटवर बसवा आणि त्याचं डोकं नि डोळे कुठे येतात तेही मांडा. कमानीची खालची बाजू डोक्यापासून किमान ६० मिमी वर हवी. पुढच्या पट्टीची खालची कड डोळ्यांच्या उंचीपेक्षा किमान ७५ मिमी वर हवी, नाहीतर सिग्नल पाहायला दर वेळी मान वाकवावी लागेल.

काच ५० मिमीने कापली आणि मागची कमान मूळ उंचीवर ठेवली तर टप पुढे झुकलेला आणि मागे कुबड आल्यासारखा दिसतो. मागची कमानही तेवढीच खाली आणा, १० ते १५ मिमी जास्त आणली तर आणखी चांगलं. खांब मागे झुकवले असतील तर काचेची वरची कडही मागे सरकलेली असते, त्यामुळे जुन्या सांगाड्याच्या बाजूच्या पट्ट्यांची मापं जशीच्या तशी उचलू नका. टपाचा सगळ्यात उंच बिंदू काचेच्या थोडा मागे ठेवा आणि तिथून रेषा हळूहळू मागे उतरू द्या. हे चित्र दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवा आणि दहा-पंधरा फुटांवरून पाहा. रेषा चुकली असेल तर ती इथे पेन्सिलने खोडता येते.

सांगाडा

सगळ्यात सोपी आणि भरवशाची मांडणी अशी. दाराच्या मागे दोन्ही बाजूंना बॉडीवर एकेक ब्रॅकेट. त्यावर फिरणारी मुख्य भुजा आणि तिच्या माथ्यावर मुख्य कमान. मुख्य भुजेवरच, साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या उंचीवर, दुसरा पिव्हट आणि त्यावर मागची कमान. मुख्य कमानीच्या कोपऱ्यातून पुढे जाणारी बाजूची पट्टी, तिच्या टोकाला पुढची लाकडी पट्टी, म्हणजे हेडर. टप पाडताना कडी सोडायची. मुख्य भुजा मागे निजते, बाजूची पट्टी सांध्यात मिटत तिच्यावर येते आणि हेडर सीटच्या पाठीमागे येऊन बसतो.

लागणारं सामान:

पाऊण इंची, १.६ मिमी जाडीचा स्टीलचा पाइप, ६ मीटर (दोन कमानी, वाया जाणारं धरून)
२५ बाय ६ मिमीची लोखंडी पट्टी, ४ मीटर
ब्रॅकेटसाठी ६ मिमीची प्लेट, दोन्ही बाजूंना पुरेल एवढी
१० मिमीचे शोल्डर बोल्ट, ब्राँझचे बुश, १ मिमीचे नायलॉन वॉशर आणि नायलॉक नट
हेडरसाठी २५ मिमी जाडीचं अॅश लाकूड किंवा मरीन प्लायच्या तीन थरांची पट्टी
कडीचा जोड, १० मिमी जाडीचं स्पंज रबर बीडिंग

लोखंड कापण्याआधी ६ मिमी प्लायवूडच्या २५ मिमी रुंद पट्ट्या कापा. ६ मिमीचे बोल्ट आणि विंग नट लावून एका बाजूचा पूर्ण सांगाडा गाडीवर उभा करा. ब्रॅकेटच्या भोकाऐवजी चीर ठेवा म्हणजे पिव्हट सरकवून पाहता येईल. टप पाडा, उचला, पुन्हा पाडा. हेडर सीटच्या पाठीला घासतो का, मिटलेली थप्पी किती उंच राहते, भुजा दाराच्या कडेला किंवा चालवणाऱ्याच्या कोपराला लागते का, आणि मिटल्यावर दोन कमानींमध्ये कापडासाठी १५ ते २० मिमी जागा उरते का, हे पाहा. ही जागा नसेल तर कापड प्रत्येक वेळी त्याच रेषेवर चेपलं जातं आणि तिथेच आधी फाटतं. चारही गोष्टी जुळेपर्यंत प्लायवूडच कापत राहा. ते स्वस्त आहे.

मग लोखंड. डावी आणि उजवी पट्टी एकावर एक क्लॅम्प करून भोकं एकदमच पाडा, वेगवेगळी मोजून कधीही नाही. ब्रॅकेट नुसत्या पत्र्यावर लावू नका, बॉडीच्या आतल्या मजबुतीवर आवळा. तिथे मजबुती नसेल तर आतून १०० बाय १०० मिमीची प्लेट द्या. दोन्ही ब्रॅकेट टॅक केल्यावर (वेल्डिंगच्या एक-दोन ठिपक्यांनी तात्पुरती धरल्यावर) १० मिमीची सरळ सळई गाडीच्या एका बाजूच्या भोकातून दुसऱ्या बाजूच्या भोकात आरपार घाला. ती बोटांनी फिरली पाहिजे. अडत असेल तर पिव्हट एका रेषेत नाहीत आणि टप उचलताना पिळला जाऊन एका बाजूचा कोपरा आधी टेकेल.

पिव्हटचा सैलपणा नवख्यांना क्षुल्लक वाटतो. गणित करून पाहा: ६ मिमी जाडीच्या पट्टीतलं भोक बोल्टपेक्षा फक्त ०.१ मिमी मोठं असलं, तर ६०० मिमी लांबीच्या भुजेचं टोक साधारण १० मिमी बाजूला डोलू शकतं. म्हणून भोकाभोवती १५ मिमी लांबीचा बॉस, म्हणजे जाड नळीचा तुकडा, वेल्ड करून त्यात बुश ठोका. तेवढ्याच सैलपणाला आता टोक ४ मिमीच डोलेल, आणि तेवढं कापडाचा ताण खाऊन टाकतो.

कमानींना आडवा उठाव हवा. १२०० मिमी रुंदीला ३८ मिमी उठाव चांगला दिसतो आणि पाणीही वाहून जातं. त्यासाठी त्रिज्या पावणेपाच मीटर येते. एवढा मोठा कंस दोरीने काढत बसू नका. प्लायवूडवर तीन खिळे ठोका, त्यांवर लवचीक पट्टी वाकवा आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवा. पाइप याच आखणीवर टेकवून वाकवत जा. खांद्याच्या कोपऱ्याला ७५ ते १०० मिमीची त्रिज्या द्या. त्याहून धारदार कोपऱ्यावर कापड उन्हात ताणून झिजतं.

लाकडी कमानी करायच्या असतील तर अमेरिकेत अॅश वापरतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. तुतीचं लाकूड बघा, हॉकीच्या काठीसाठी तेच वापरलं जातं आणि ते वाकतं. वाफेवर वाकवताना दर २५ मिमी जाडीला सुमारे एक तास वाफ द्यावी लागते. त्यापेक्षा ४ मिमीच्या पाच पट्ट्या इपॉक्सीने एकमेकींना चिकटवून साच्यावर आवळणं नवख्याला जास्त सोपं जातं. क्लॅम्प सोडल्यावर उठाव एक-दीड मिमीच कमी होतो. साधा पांढरा डिंक इथे चालत नाही. सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो आणि ओलाव्याने सुटतो.

कमानी जागेवर धरून फक्त टॅक करा. हेडरच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या पिव्हटपर्यंत आणि उलट, असे दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीच्या आत हवा. वीसेक वेळा टप पाडून उचला, पुन्हा मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडा आणि काचेवर ओलं गोणपाट टाका, कारण वेल्डिंगच्या ठिणगीने काचेवर पडलेला खड्डा कशानेही जात नाही. लहान लहान टाके एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घाला, नाहीतर उष्णता सांगाडा एका बाजूला ओढते.

आता हेडरपासून मागच्या कमानीपर्यंत एक सरळ लवचीक पट्टी ठेवा. मुख्य कमानीने ती खालून १० ते १२ मिमी वर उचलली पाहिजे. पट्टी आणि कमान यांच्यात फट दिसली तर तिथे पाणी साचणार, कारण ओलं कापड ढिलं पडतं आणि खोलगट जागा आणखी खोल होते. ही तपासणी मध्ये आणि दोन्ही बाजूंना, अशी तीन ठिकाणी करा.

पावडर कोटिंग करणार असाल तर पिव्हटची भोकं आणि सांधे झाकायला सांगा. रंगाचा थर बुशमध्ये बसला की पुन्हा रीमर फिरवत बसावं लागतं.

हेडर आणि कडी

हेडर काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेवर, खांबांच्या झुकावाच्याच कोनात बसला पाहिजे. चौकटीवर खडू घासा, हेडर टेकवा, उचला. जिथे खडू उमटला तिथे रंध्याने घासा. पूर्ण लांबीवर सारखा खडू उमटेपर्यंत हे चालू ठेवा. मग बीडिंगसाठी खालून खाच काढा. १० मिमीचं बीडिंग कडी लावल्यावर ६ ते ७ मिमी जाडीचं राहिलं पाहिजे. त्याहून जास्त चेपलं तर कडी लावायला दोघं लागतात, कमी चेपलं तर पहिल्याच पावसात मांडीवर पाणी.

कडी ओढून पलीकडे पडणारी घ्या आणि तिला ६ ते ८ मिमी ओढ असू द्या. आजच लावून बघा, कापड चढल्यावर तिच्यावर जास्त जोर येणार आहे. १९३२ ची काच सपाट असल्यामुळे हे काम सरळ आहे. दोन तुकड्यांची, मध्ये कोन करणारी ड्यूव्हॉल काच असेल तर हेडरही त्याच कोनात, मधल्या सांध्यासह करावा लागतो, आणि पहिल्या टपासाठी ती काच निवडू नये.

मागची कमान पाइपची असेल तर तिच्यात स्टेपल घुसणार नाही. तिच्या माथ्यावर १२ मिमी प्लायची पट्टी दर ७५ मिमीवर स्क्रूने आवळा.

कापड, दोरा, मशिन

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्ट्झ कंपनीचं स्टेफास्ट कापड या कामात मानाचं आहे. वर रंगीत अॅक्रिलिकचं विणकाम, मध्ये रबराचा थर, आत सुती अस्तर. दीड मीटर पन्ह्याचं कापड साडेतीन मीटर लागतं. चार घ्या. विनाइल स्वस्त असतं, पण थंडीत कडक होतं, कालांतराने आकसतं आणि जुन्या गाडीवर नवं दिसतं. काळा किंवा गव्हाळ रंग या गाड्यांना शोभतो.

दोरा बाँडेड पॉलिस्टरचा, व्ही-९२ जाडीचा. सुई २० नंबरची. टाका ४ मिमी. नायलॉनचा दोरा उन्हात कमजोर होतो. सुती दोरा पाण्याने फुगून सुईचं भोक बंद करतो, ही त्याची जमेची बाजू, पण कुजतो.

मशिन वॉकिंग फूटचं हवं, म्हणजे वरचा पायही कापडाला पुढे ओढतो. घरगुती मशिनमध्ये फक्त खालचे दात कापड ओढतात. रबराचा थर असलेल्या कापडाचे चार पदर एकत्र आले की वरचा पदर मागे राहतो आणि दीड मीटरच्या शिवणीच्या शेवटी १५ मिमीचा फरक निघतो. मशिन नसेल तर फर्मा (कापड कापण्याचा नमुना) आणि कापणं स्वतः करा आणि शिवण कुशनवाल्याकडून करून घ्या. रिक्षाचे हूड शिवणारे कारागीर या कामात तरबेज असतात. त्यांना नुसतं माप सांगू नका, खुणा केलेले कापलेले तुकडे द्या.

पट्टे आणि गाद्या

कापडाआधी ५० मिमी रुंदीचे दोन पॉलिस्टर पट्टे, खाटेच्या नवारीसारखेच, हेडरपासून मुख्य कमान आणि मागच्या कमानीवरून बॉडीच्या मागच्या कडेपर्यंत ताणा. ते दोन्ही बाजूंनी रुंदीच्या चौथ्या हिश्श्यावर यावेत. कमानी ठरलेल्या अंतरावर उभ्या करून प्रत्येक कमानीवर पट्टा पक्का करा. कमानी जागेवर ठेवणं हे पट्ट्यांचं काम आहे. ते कापडावर सोडलं तर कापड जसं ताणलं जाईल तशी कमान सरकते आणि उद्या टप आजच्या जागी बसत नाही.

बाजूंच्या खांद्यांवर १०० ते १२० मिमी रुंदीच्या गाद्या येतात. जाड कापडाची घडी, आत ६ मिमी फोम. त्या पाइपची कड वर उमटू देत नाहीत. फोम याहून जाड घालण्याचा मोह टाळा, टप मिटताना तो अडतो.

फर्मा

मांजरपाटाचा फर्मा काढू नका. मांजरपाट तिरक्यात ताणतं आणि त्यावर सुंदर बसलेला फर्मा खऱ्या कापडावर आखूड पडतो. ०.१५ मिमी जाडीची पारदर्शक प्लास्टिक शीट घ्या. ती ताणत नाही आणि खालची कमान दिसते.

टप उचलून कडी लावा. सांगाड्याची मध्यरेषा दोऱ्याने आखा. शीट तीन तुकड्यांत बसवा: मधला लांब तुकडा आणि दोन बाजूंचे. मागचा पडदा चौथा तुकडा. मध्ये आणि बाजूला यांतली शिवण गादीच्या बाहेरच्या कडेपासून २० मिमी आत येऊ द्या, म्हणजे शिवणीखाली नेहमी मऊ आधार राहतो. शीट चिकटपट्टीने ताणून लावा आणि पेनने शिवणीची रेषा, कमानींच्या जागा, हेडरची कड आणि बॉडीची कड काढा. दर १०० मिमीवर दोन्ही तुकड्यांवर जुळणारी आडवी खूण करा. या खुणा नसतील तर वळणदार शिवणीत कोणतं टोक कुठे जातं हे मशिनवर कळत नाही. प्रत्येक तुकड्यावर ‘डावा, वरची बाजू, पुढचं टोक’ असं लिहा.

बॉडी जुनी असेल तर डाव्या-उजव्यात फरक असणारच. दोन्ही बाजूंचे फर्मे वेगळे काढा. ते जमिनीवर एकमेकांवर उलटे ठेवून पाहा. ५ मिमीपर्यंत फरक असेल तर सरासरी घ्या, त्याहून जास्त असेल तर प्रत्येकाचा वेगळा ठेवा.

कापणं आणि शिवण

सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवून कापा, कापडाची लांबी गाडीच्या पुढून मागे. दिशा बदललेला तुकडा उन्हात वेगळ्या छटेचा दिसतो आणि वेगळा ताणतो. शिवणीसाठी १३ मिमी मार्जिन, हेडर आणि मागच्या कडेला ओढायला ५० मिमी जादा, दारावरच्या कडेला २५ मिमी दुमड.

टाचण्या आणि उसवणं दोन्ही वर्ज्य, कारण या कापडात पडलेलं भोक बुजत नाही. ६ मिमीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा चिमटे वापरा. आधी टाकाऊ तुकड्यांचे चार पदर शिवून दोऱ्याचा ताण बसवा. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ पदरांच्या मध्ये लपली पाहिजे.

उलट्या बाजूने जोडशिवण घाला, मग मार्जिन मधल्या तुकड्याकडे पाडून वरून दुसरी शिवण. कौलारू छपरात वरचं कौल खालच्यावर येतं, तसा मधला तुकडा बाजूच्या तुकड्यावर आला पाहिजे. उलट झालं तर शिवणीची घडी पन्हळ होऊन पाणी धरून ठेवते. मुख्य कमानीच्या जागेवर आतून ६० मिमी रुंदीची पट्टी शिवा आणि तिचं दुसरं टोक कमानीला बांधा. वेगात टपावरच्या हवेचा दाब कमी होतो, आतली हवा कापडाला वर ढकलते आणि ते फुगतं. ही पट्टी नसेल तर तो फुगा कापडाला कमानीवर आपटत राहतो.

मागची खिडकी

मागचा पडदा पूर्ण असताना त्याच्या आतून १ मिमी जाडीचं पारदर्शक विनाइल शिवा, सभोवार दोन शिवणी, आणि मगच वरचं कापड शिवणींच्या आतल्या भागात कापा. आधी भोक कापलं तर कडा ताणून खिडकी वेडीवाकडी होते. विनाइलवरचा संरक्षक कागद शिवताना काढू नका. हॉट रॉडला बारीक चिरेसारखी खिडकी छान दिसते, पण मागून येणारा ट्रक दिसला पाहिजे. १५० बाय ६०० मिमीपेक्षा लहान करू नका. थंड प्रदेशात धातूच्या दुहेरी चौकटीत बसवलेली खरी काच चांगली, कारण गारठ्यात विनाइल घडीवर तडकतं.

चढवणं

कापड तासभर उन्हात ठेवा आणि ऊबदार असतानाच चढवा. स्टेपल स्टेनलेस स्टीलचे, १० मिमी पायांचे. साध्या लोखंडी स्टेपलचा गंज पहिल्याच पावसाळ्यात कापडावर उतरतो.

१. मागचा पडदा मधोमध लावा. बॉडीच्या कडेवर मध्यापासून सुरू करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं बाहेर जा.

२. पडद्याची वरची कड मागच्या कमानीवर चार-पाच स्टेपलांनी तात्पुरती लावा, डोकी थोडी वर ठेवून.

३. वरचं कापड मध्यरेषेवर ठेवा, शिवणी गाद्यांवर बसवा, मागच्या कमानीवर तात्पुरतं लावा.

४. कडी लावलेली असताना कापड हाताने पुढे ओढा आणि हेडरच्या पुढच्या कडेवर खडूची रेषा मारा. कडी सोडा, हेडर थोडा उचला, कापड त्या रेषेच्या १० ते १२ मिमी पुढे ओढून स्टेपल करा. आता कडी लावली की ताण आपोआप बसतो.

५. सुरकुत्या पाहा. तिरकी सुरकुती ज्या कोपऱ्याकडे बोट दाखवते तिथे जास्त ओढ आहे. तिथलं सोडा, दुसरीकडे ओढत बसू नका.

६. टप रात्रभर ताणलेला ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा १ ते ३ मिमी ओढ देऊन सगळे स्टेपल पक्के करा, दर १५ मिमीवर एक.

७. मागच्या कमानीवरच्या स्टेपलच्या रांगेखाली ब्यूटाइल टेप द्या आणि वर हिडेम पट्टी (खिळे झाकणारी दुमडती शोभेची पट्टी) लावा. तिची उघडी फट खिळे मारून झाल्यावर रबरी हातोड्याने मिटते. टोकांना धातूच्या टोप्या.

पडदा काढता-घालता यावा म्हणून बॉडीवर लिफ्ट-द-डॉट बटणं लावायची असतील तर ती १०० ते १२५ मिमीवर घ्या. हे बटण तीन बाजूंनी अडकून राहतं आणि ठिपक्याच्या बाजूनेच सुटतं, म्हणून ठिपका कापडाच्या मोकळ्या कडेकडे ठेवा. उलटं बसवलं तर ताण आला की ते सुटतं. बॉडीत भोक पाडण्याआधी कापड ताणून खूण करा. मध्यापासून एकेक बटण बसवत बाहेर जा, एकदम सगळी भोकं पाडू नका.

पाणी आणि वारा

पाण्याची नळी २० मिनिटं सोडा, आत एक माणूस टॉर्च घेऊन बसू द्या. हेडरच्या कोपऱ्यातून गळणं हे बहुतेक वेळा बीडिंगच्या टोकाचं असतं, शिवणीचं नाही. शिवणीतून झिरपत असेल तर आतून सीम सीलर. मग ४०, ६०, ८० किमी वेगाने चालवून पाहा.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. टप लावला, बाजूचे पडदे काढले आणि मागची खिडकी उघडी ठेवली की गाडीच्या मागे घुटमळणारी हवा आत ओढली जाते आणि तिच्यासोबत सायलेन्सरचा धूरही. एक्झॉस्ट बॉडीखालीच संपत असेल तर तो मागच्या कडेबाहेर न्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

महाराष्ट्रात हे काम करताना

फोर्डचा हॉट रॉड इथे विरळा, पण जुनी जीप, एमजी किंवा टूरर बाळगणाऱ्यांना हीच पद्धत उपयोगी पडते. फरक एवढाच की २०२१ मध्ये केंद्राने आणलेल्या नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मोठे बदल न केलेली लागते. त्यामुळे अशा गाडीत नवं भोक पाडू नका. जुनी ब्रॅकेट आणि जुनी भोकं वापरा, मूळ सांगाडा असेल तर तो कापू नका आणि नवा वेगळा बनवा.

ओला टप कधीही मिटू नका. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात दोन दिवस घडीत राहिलेल्या ओल्या कापडाला बुरशी लागते आणि तिचे डाग अस्तरातून निघत नाहीत. नाइलाजाने मिटावा लागला तर घरी पोचल्यावर आधी तो उचलून पंख्याखाली वाळवा. महिन्यातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवा. विनाइलसाठीचे चकाकीचे पदार्थ कापडावर लावू नका, ते धूळ धरतात. पहिल्या ३०० किमीनंतर सगळे पिव्हट बोल्ट पुन्हा आवळा, कडीची ओढ तपासा आणि हेडरवरचं कापड ढिलं पडलं असेल तर स्टेपल काढून आणखी ३ ते ५ मिमी पुढे घ्या. ५० मिमी जादा कापड ठेवलं होतं ते याचसाठी.